पंप फिरतोय, पण स्लरी येत नाही : सक्शन का तुटतं आणि ते कसं टाळायचं?

मोटार सुरू आहे. बेल्ट फिरतोय. आवाज नेहमीपेक्षा जरा जास्तच येतोय. पण पाइपाच्या दुसऱ्या टोकाला काहीच पडत नाही.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना हे नवीन नाही. विहिरीवरची मोटार हवा घेते, मग कुणीतरी फुटव्हॉल्व्हला शिव्या घालत बादलीभर पाणी ओततं, दोन-तीन वेळा चालू-बंद करतं आणि धार लागते. कारखान्यात हेच झालं तर त्याला सक्शन तुटलं असं म्हणतात. फरक इतकाच की तिथं पाण्याऐवजी स्लरी असते, आणि बादलीने काम भागत नाही.

स्लरी म्हणजे काय? पाणी आणि त्यात मिसळलेले घन कण. राख, वाळू, कोळशाची भुकटी, खनिजाचा चुरा, सिमेंटची माती, सांडपाण्यातला गाळ. पावसाळ्यात रस्त्यावर जो गारा होतो, त्याचाच हा कारखान्यातला भाऊ.

कळमना म्हटलं की आपल्याला मिरची, संत्री आणि धान्याचं मार्केट यार्ड आठवतं. पण त्याच्या आजूबाजूला, चिखली लेआउटच्या बाजूला, गोदामं आहेत आणि लहान कारखानेही आहेत. याच पूर्व नागपुरात भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होतं, आणि ते प्रक्रिया केलेलं पाणी पाइपाने कोराडीच्या वीज केंद्राला जातं. शहराच्या उत्तरेला कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. शेजारी खापरखेड्याचं १,३४० मेगावॉटचं केंद्र आहे. आणि चहूबाजूंनी कोळशाच्या व मँगनीजच्या खाणी. म्हणजे नागपूरच्या आसपास जितका घन माल पाण्यात मिसळून पाइपातून पळवला जातो, तितका राज्यात फार थोड्या ठिकाणी जात असेल.

ढोबळ हिशोब करून बघा. एक युनिट विजेला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो असं धरलं, तर ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालताना दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास कोळसा जाळतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४० टक्के. म्हणजे एका संचातून दिवसाला साडेतीन हजार टन राख. यातली बरीच कोरडी उचलली जाते, सिमेंटला आणि विटांना जाते. उरलेली पाण्यात कालवून राखेच्या तलावाकडे ढकलली जाते. ती ढकलणारा पंप म्हणजे स्लरी पंप.

हा पंप थांबला म्हणून राख यायची थांबत नाही. खालची टाकी, जिला संप म्हणतात, ती भरते आणि वाहायला लागते. वाहिलेला माल नाल्यात जातो, नाला नदीला मिळतो. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरलं होतं. ती गोष्ट बंधाऱ्याची होती, पंपाची नव्हे. पण राखेची स्लरी जिथं जायला नको तिथं गेली की काय होतं, हे या भागातल्या लोकांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

पंप ओढत नाही, हवा ढकलते

आता मुद्द्याची गोष्ट. पंप पाणी 'ओढतो' असं आपण बोलतो, पण ते खरं नाही. स्ट्रॉने उसाचा रस पिताना आपण रस ओढत नसतो. आपण तोंडातला दाब कमी करतो, आणि ग्लासातल्या रसावर बाहेरची हवा दाब देत असते, ती रस वर ढकलते. पंपाचंही तेच. आतला इम्पेलर फिरून मधला माल बाहेरच्या कडेकडे फेकतो, मध्यभागी दाब कमी होतो, आणि संपातल्या मालावर बसलेली हवा नवा माल आत ढकलते.

हवेची ही ताकद मर्यादित आहे. इटलीतल्या विहिरींवरचे पंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढवत नाहीत, ही तक्रार गॅलिलिओपर्यंत गेली होती, आणि १६३८ च्या पुस्तकात त्याने तिचा उल्लेखही केला. का चढत नाही, ते त्याचा शिष्य टॉरिचेलीने काही वर्षांत पाऱ्याच्या नळीने दाखवून दिलं. समुद्रसपाटीला हवेचा दाब जेमतेम १०.३ मीटर पाण्याचा खांब उचलू शकतो. संपलं. पुढे कितीही मोठी मोटार लावा.

म्हणून सक्शन तुटलं की पहिला संशय पंपावर घ्यायचा नसतो. पंपाच्या मागे काय चाललंय ते बघायचं असतं. प्रत्यक्षात उलटं होतं. फिटर येतो, पंप खोलतो, इम्पेलर बदलतो, अर्धा दिवस आणि बरेच पैसे जातात, आणि पंप परत तसाच. कारण दोष संपात होता किंवा सक्शन पाइपात होता.

नागपूरचा हिशोब

हे १०.३ मीटर आपल्याकडे पूर्ण मिळत नाहीत. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे. त्यामुळे हवा किंचित विरळ, आणि हातात उरतात ९.९५ मीटर.

पण हे साध्या पाण्याचे. स्लरी जड असते. राखेच्या कणांची घनता पाण्याच्या सुमारे २.१ पट धरली आणि वजनाने ३० टक्के राख मिसळली, तर ती स्लरी पाण्यापेक्षा जवळपास १.१९ पट जड होते. तेवढाच हवेचा दाब आता जड माल उचलणार, म्हणून ९.९५ चे झाले ८.४ मीटर. राख ५० टक्क्यांवर नेली तर ७.३.

आता उन्हाळा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि राखेचं पाणी तसंही गरम असतं. गरम पाण्याची वाफ व्हायची घाई जास्त. महाबळेश्वरला पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं, कारण वर दाब कमी. पंपाच्या तोंडाशी तर दाब आणखी खूप खाली गेलेला असतो, तिथं पाणी चाळीस-पन्नास अंशांवरही उकळू शकतं. ४५ अंशांच्या पाण्यासाठी या वाफेच्या खात्यात आपल्या स्लरीचे ०.८ मीटर जातात. पाणी ६० अंशांचं असेल तर दीड मीटरहून जास्त.

८.४ मधून ०.८ गेले, उरले ७.६. पाइपाचं घर्षण, बेंड, व्हॉल्व्ह यांत एक मीटर गेला असं धरा. उरले ६.६. आणि पंपाला स्वतःला तोंडाशी चार-पाच मीटर दाब लागतो. या गरजेच्या आकड्याला एनपीएसएच म्हणतात, तो पंपाच्या कागदावर लिहिलेला असतो. म्हणजे प्रत्यक्षात पंप संपाच्या पातळीपेक्षा किती वर बसवता येईल? दीड-दोन मीटर, तेही काठावर.

यात आणखी एक मेख आहे. कागदावरचा एनपीएसएचचा आकडा ही सुरक्षित रेषा नसते. पंपाचा जोर ३ टक्के घसरतो तो बिंदू म्हणजे हा आकडा, आणि तोही बहुधा स्वच्छ पाण्यावर मोजलेला. म्हणजे आकडा बरोबर गाठला तरी पंपाच्या आत बुडबुडे सुरू झालेले असतात. हे बुडबुडे पुढे जास्त दाबात गेले की फुटतात आणि फुटताना धातूला टोच्या मारतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पंपात खडे पडल्यासारखा आवाज येतो ही त्याची खूण. स्लरी पंपाची गंमत अशी, की कधी कधी आत खरंच खडे असतात.

हा सगळा त्रास टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पंप वर बसवायचाच नाही. संपाच्या पातळीपेक्षा खाली बसवायचा, म्हणजे माल स्वतःच्या वजनाने पंपात उतरतो. याला फ्लडेड सक्शन म्हणतात. नवीन प्लांट उभारताना थोडं खोदकाम वाचवायला पंप जमिनीवर ठेवतात आणि पुढची वीस वर्षं त्याची किंमत मोजतात. माझ्या मते यापेक्षा महागडी बचत या धंद्यात दुसरी नाही.

थोडीशी हवा इतका गोंधळ का घालते?

समजा एक पंप ३० मीटर उंचीपर्यंत स्लरी फेकतो. तोच पंप हवेने भरला असेल तर तो हवेलाही ३० मीटरच 'फेकतो'. पण ३० मीटर हवेच्या खांबाचं वजन म्हणजे साडेतीन सेंटिमीटर पाणी! एवढ्या जोरावर दोन मीटर खालून माल वर कसा येणार? म्हणून सुरू करण्याआधी पंप भरून घ्यावा लागतो.

आणि हवा पूर्ण भरायची गरजही नसते. इम्पेलर जड माल बाहेर फेकतो, हलकी हवा मध्यभागी साचत जाते, अगदी जिथून नवा माल शिरतो त्याच तोंडावर. आकारमानाने पाच-सहा टक्के हवा आली की साध्या सेंट्रिफ्युगल पंपाची अवस्था वाईट होते. त्याहून थोडी जास्त, आणि धार तुटते.

ही हवा येते कुठून? बहुतेक वेळा संपातून. पातळी खाली गेली की पाइपाच्या तोंडावर भोवरा तयार होतो, बेसिन रिकामं होताना होतो तसा, आणि त्याच्या मधल्या भोकातून हवा सरळ पंपात. पातळी पाइपाच्या 'वर आहे ना' एवढं बघून चालत नाही. २०० मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला दोन मीटर वेगाने, म्हणजे तासाला सव्वादोनशे घनमीटर माल जात असेल, तर तोंडावर ८५-९० सेंटिमीटर माल हवा. वेग वाढला की ही गरज आणखी वाढते. शिवाय संपात पडणारी धार वरून धो-धो पडत असेल तर ती स्वतःच हवा घेऊन खाली जाते. ती धार पंपाच्या तोंडापासून लांब पाडायची किंवा मध्ये आडभिंत घालायची.

दुसरा रस्ता सक्शन पाइपाच्या सांध्यांचा. ही गळती फसवी असते. डिलिव्हरीच्या बाजूला गळती असेल तर पाणी बाहेर येतं, दिसतं. पंप वर बसवलेला असेल तर सक्शनच्या बाजूला आत दाब बाहेरपेक्षा कमी, त्यामुळे काहीच बाहेर येत नाही, हवा गुपचूप आत जाते. जमीन कोरडी, फिटर खूश. शोधायचं कसं? चालू पंपाच्या प्रत्येक फ्लँजवर साबणाचा फेस लावा, फेस आत ओढला जाईल तिथं भोक आहे. जिथं ज्वलनशील काही नाही अशा ठिकाणी पेटलेली उदबत्ती सांध्याजवळ धरली तरी धूर आत वळताना दिसतो. पाच रुपयांचं उपकरण.

तिसरा रस्ता ग्लँड. शाफ्ट जिथून पंपात शिरतो तिथं पॅकिंगच्या दोऱ्या असतात, आणि स्लरी पंपात त्यांना बाहेरून स्वच्छ पाणी दिलं जातं. हे पाणी दोन कामं करतं : राख पॅकिंगमध्ये घुसू देत नाही आणि हवाही शिरू देत नाही. पाण्याच्या टंचाईत पहिली कात्री याच पाण्यावर चालते. मग पॅकिंग जळतं, शाफ्टवर खाचा पडतात आणि पंप हवा घ्यायला लागतो. ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी पडत असेल तर ते बिघडलेलं नाही. ते तसंच पडायला हवं.

बसलेली राख

पाणी थांबलं तरी पाणीच राहतं. स्लरी थांबली की खाली बसते. पाइपातला वेग एका मर्यादेखाली गेला की कण तळाला थर धरतात, वाट अरुंद होते आणि शेवटी बुजते. बारीक राखेला साधारण दीड ते दोन मीटर प्रति सेकंद वेग लागतो, जाड वाळूला त्याहून जास्त. म्हणून 'पाइप मोठा टाकू, घर्षण कमी होईल' हा पाण्याच्या पंपाचा नियम इथं जसाच्या तसा लावला की घात होतो. पाइप मोठा, वेग कमी, राख तळाला.

संपाचा तळ सपाट असेल तर कोपऱ्यांत राख साचत जाते आणि एक दिवस ढेकूळच्या ढेकूळ सुटून पंपाच्या तोंडावर बसतं. तळाला पंपाच्या दिशेने चांगला तीव्र उतार हवा. शिवाय पोत्याचे तुकडे, प्लास्टिक, वेल्डिंगच्या कांड्या, हातमोजे. या गोष्टी संपात कशा जातात हे कुणी सांगत नाही, पण असतात. संपाच्या तोंडावर जाळी हवी आणि ती रोज साफ करणारं माणूस हवं. जाळी लावून विसरलात तर तीच बुजते.

पंप बंद करण्याआधी पाच-दहा मिनिटं स्वच्छ पाणी चालवून लाइन धुऊन घेणं ही सवय सगळ्यात जास्त पंप वाचवते. वीज अचानक गेली तर मात्र धुवायला वेळ मिळत नाही. म्हणून पाइपाला तळाशी ड्रेन आणि धुण्याच्या पाण्याची वेगळी जोडणी आधीच केलेली असावी.

दोन काटे वाचा

सक्शनच्या पाइपावर व्हॅक्यूम गेज आणि पॅनेलवर अँपिअर मीटर. एवढ्यावर निदान बऱ्यापैकी होतं.

अँपिअर खाली आणि व्हॅक्यूम नेहमीपेक्षा खूप जास्त : पंपाच्या आधी कुठंतरी बुजलंय. जाळी, पाइप, अर्धवट बंद व्हॉल्व्ह, किंवा आतून चिकटलेली रबरी होज. रबरी अस्तराच्या पाइपात अस्तर सुटून आत फुग्यासारखं लोंबतं. पंप बंद केला की ते जागेवर जातं, त्यामुळे उघडून बघितलं तर सगळं ठीक दिसतं आणि दोष सापडत नाही.

अँपिअर खाली आणि व्हॅक्यूमही जवळपास शून्य : हवा. पातळी, सांधे, ग्लँड तपासा.

अँपिअरचा काटा नाचतोय : भोवरा किंवा कॅव्हिटेशन. पातळी वाढवून बघा. काटा थांबला तर उत्तर मिळालं.

अँपिअर महिन्यागणिक हळूहळू उतरतायत, धारही तशीच कमी होतेय : इम्पेलर आणि पुढच्या लायनरमधली फट झिजून वाढलीय, माल आतल्या आतच फिरतोय. बऱ्याच स्लरी पंपांत बेअरिंगचा भाग पुढे सरकवून ही फट कमी करता येते, लगेच नवा इम्पेलर घ्यायची गरज नसते. पंप खोलायची वेळ येते ती इथं, आधी नाही.

मोटार नुकतीच रिवाइंड होऊन आली असेल आणि धार येत नसेल तर फिरण्याची दिशा बघा. दोन फेज उलटे लागले की मोटार उलटी फिरते. साध्या पंपात याने फक्त धार कमी येते. पण अनेक स्लरी पंपांत इम्पेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असतो. उलटा फिरला की तो सुटून केसिंगवर आदळतो आणि हजारोंचं काम लाखात जातं. म्हणून दिशा तपासायची ती बेल्ट चढवण्याआधी, मोटार एकटी फिरवून.

इथं घाई करायची नाही

सक्शनही बुजलंय आणि डिलिव्हरीही, तरी पंप फिरतोय, ही सगळ्यात धोक्याची अवस्था आहे. मोटारची सगळी ताकद आत अडकलेला माल तापवण्यात जाते. पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला जागा नसते आणि जाड लोखंडी केसिंग बॉम्बसारखं फुटतं. जगात असे अपघात झालेले आहेत, म्हणूनच स्लरी पंपांच्या पुस्तिकांत याचा इशारा असतो. 'जरा वेळ चालू दे, आपोआप मोकळं होईल' हा विचार इथं करायचा नाही. धार येत नाही आणि केसिंग हाताजवळ नेल्यावर धग लागतेय, तर दुरूनच वीज तोडा. जवळ जाऊन व्हॉल्व्ह उघडू नका, गार पाणी मारू नका, बोल्ट सैल करू नका. आपोआप गार होऊ द्या.

दुसरा धोका संपात उतरण्याचा. चोक काढायला माणूस दोर बांधून खाली सोडायचा ही आपल्याकडची जुनी पद्धत. सांडपाण्याच्या संपात हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गॅस गेला. राखेच्या किंवा खनिजाच्या बंद टाकीत गॅस नसला तरी ऑक्सिजन कमी असू शकतो. एक जण कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही कोसळतो. अशा बातम्यांत मृतांचा आकडा बहुतेक वेळा एकाहून जास्त असतो तो यामुळे. गटारं आणि सेप्टिक टँक अशा धोकादायक पद्धतीने माणसांकडून साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कारखान्याच्या संपालाही फुप्फुसं तीच असतात.

चोक आधी वरूनच काढायचा : सक्शन पाइपात उलट्या दिशेने दाबाचं पाणी सोडून, लांब दांड्याच्या फवाऱ्याने किंवा सक्शन टँकर बोलावून. उतरण्याशिवाय इलाजच नसेल तर पंपाची वीज तोडून पॅनेलला कुलूप लावा आणि किल्ली उतरणाऱ्याच्याच खिशात द्या. आत येणारी लाइन बंद करा, ब्लोअरने हवा खेळवा, मीटरने गॅस आणि ऑक्सिजन मोजा. वर तिपाईला दोर आणि हार्नेस बांधून एक माणूस सतत उभा ठेवा. या माणसाचं काम फक्त दोर ओढायचं. काहीही झालं तरी त्याने खाली उतरायचं नाही.